पर्यायरावांचा दंडसंधी

गाडी सुरू होत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेली माणसं रस्त्याच्या कडेला पुष्कळ दिसतात. पर्यायरावांची तक्रार नेमकी उलटी होती. त्यांची गाडी थांबायला तयार नव्हती. अॅक्सिलरेटर दाबला की ती पळायची, इथवर तिचं वागणं रीतसर होतं. पण पाय उचलला तरी पेडल खालीच राहायचं. एकदा घेतलेला वेग कमी करणं तिला कमीपणाचं वाटत असावं.

हे पर्यायरावांना एका रविवारी सकाळी कळलं, आणि एकट्यालाच कळलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. त्यांच्या सोसायटीच्या मधोमध एक लंबगोल बाग आहे आणि तिच्याभोवती रस्ता. रविवारी सकाळी नऊला चारही इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं चहाचे कप घेऊन उभी असतात. त्या सगळ्यांच्या देखत पर्यायरावांनी बागेला पहिली फेरी मारली तेव्हा दोन-तीन गॅलऱ्यांतून टाळ्याही पडल्या. दुसऱ्या फेरीला चेअरमन खाली उतरले आणि 'वेगमर्यादा ताशी दहा' या पाटीकडे बोट दाखवत उभे राहिले. तिसऱ्या फेरीला एक कुंडी फुटली. पर्यायराव मदत मागत नव्हते असं नाही. ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, "प्रवेगक अडकलाय, प्रवेगक अडकलाय." पण गॅलऱ्यांतल्या मंडळींचा असा समज झाला की प्रवेगक नावाचं कुणाचं तरी मांजर गाडीखाली सापडलंय. एक आजी तर रस्त्याच्या कडेला बसून 'पुस पुस' करू लागल्या. नुसतं 'रेस अडकली' म्हणाले असते तर वॉचमननेसुद्धा 'किल्ली फिरवा' असं सांगितलं असतं. शेवटी चौथ्या फेरीला किल्ली त्यांची त्यांनाच आठवली, आणि गाडी चेअरमनच्या इमारतीच्या डागडुजीसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

आता हा प्रवेगक कुठून आला ते सांगायला हवं. पर्यायरावांनी एकतीस वर्षं परिभाषा कार्यालयात काढली. इंग्रजी शब्द समोर आला की त्याला मराठी पर्याय शोधायचा, तो समितीपुढे ठेवायचा, समितीने नाकारला की दुसरा शोधायचा, आणि समिती थकली की पहिलाच मंजूर करून घ्यायचा, हे त्यांचं काम. कार्यालयातल्या लोकांनी त्यांचं नाव पर्यायराव पाडलं आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. निवृत्त झाल्यावरही हात थांबत नव्हता. घरातल्या कुकरला त्यांनी तीन पर्याय शोधून ठेवले होते. कुकर मात्र पहिल्यासारखाच शिट्ट्या देत होता.

गाडी त्यांची नव्हती. म्हणजे होती, पण बायकोकडून आलेली होती. सोसायटीत त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काकूंचे थोरले भाऊ, दादा, मागच्या वर्षी गेले आणि जाताना आपली दोनच माणसांची, बुटकी, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स गाडी बहिणीच्या नावाने ठेवून गेले. गाडी एकेकाळी लाल होती. आता ती कुठल्या रंगाची आहे यावर एकमत होत नाही. आत बसायचं म्हणजे आधी गुडघे, मग कंबर, मग स्वाभिमान अशा क्रमाने सगळं दुमडावं लागतं.

दादांविषयी पर्यायरावांच्या मनात आदर होता. पण आदरालाही काही सुमार असतो. गेली तीस वर्षं घरातला नळ गळाला, दार कुरकुरलं, पंखा डगमगला की काकू सहज म्हणत, "दादा असता तर दोन मिनिटांत केलं असतं." दादा होते तेव्हा 'दादा इथे असता तर' असं म्हणत, ते गेल्यावर 'इथे' गळलं, एवढाच फरक. पर्यायरावांनी गळणाऱ्या नळाला 'स्रावी तोटी' असं नाव दिलं होतं, पण त्याने पाणी थांबलं नव्हतं.

आणि अशात वाहन कार्यालयाची नोटीस आली. फार जुन्या गाड्यांनी महिनाअखेरपर्यंत तपासणी करून घ्यावी, अन्यथा नोंदणी रद्द होऊन वाहन भंगारात जमा करण्यात येईल. हातात पुरते तीन आठवडे होते. काकूंनी नोटीस वाचली. त्या खिडकीत जाऊन वाळूत नाक घातलेल्या गाडीकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "भंगारात जायच्या आधी एकदा बसेन म्हणते मी तिच्यात. दादा गेल्यापासून बसले नाहीये."

"आज संध्याकाळी नेतो की तुला," पर्यायराव म्हणाले.

"आज नको. आधी तिला थांबायला शिकवा, मग बसते. पाय उचलला की गाडी हळू व्हायला पाहिजे. तेवढं झालं की सांगा."

तेवढंच. पण त्या 'तेवढ्या'साठी पर्यायरावांनी त्याच दिवशी एक नवी कोरी वही काढली.

नाव नीट पडलं की निम्मं काम झालं, असा त्यांचा एकतीस वर्षांचा सिद्धांत. त्यांनी बॉनेट उघडलं, खुर्ची टाकली, चष्मा पुसला आणि आत दिसेल त्या वस्तूला नाव द्यायला सुरुवात केली. पेडलपासून निघून एक लोखंडी काडी मधल्या पत्र्याच्या भोकातून इंजिनाकडे जात होती. तिथे ती दुसऱ्या काडीला एका गोळीच्या सांध्याने जोडलेली होती, आणि ती दुसरी काडी दोन कार्ब्युरेटरांना एकदम हलवत होती. सगळं परत जागेवर आणायला एक स्प्रिंग. पर्यायरावांनी लिहिलं, अग्रदंड, पश्चदंड, प्रत्यानयनी कमान. आणि ज्या सांध्याशी हे सगळं अडत होतं, त्याच्यापाशी आल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. याला नवं नाव द्यायची गरजच नव्हती. वीस वर्षांपूर्वी यंत्र समितीत सात बैठका भांडून त्यांनी हा शब्द स्वतः मंजूर करून घेतला होता. दंडसंधी.

"झालं का काही?" काकूंनी वरून विचारलं.

"सगळ्या भागांना नावं ठेवून झाली," ते समाधानाने म्हणाले.

"त्यात तुमचा हात कोण धरणार," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

बॉनेट उघडं ठेवून माणूस खुर्चीत बसला की आजूबाजूची माणसं आपोआप जमतात. पहिले आले ते दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी खिशातून छोटा गोल आरसा काढून तो सांध्यामागे घातला, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की वरून काही कळायचं नाही, पण मुळाशी नक्की कीड असणार. काढूनच टाकलेलं बरं. काय काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मग शिवणकाम करणाऱ्या ताई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन आल्या. त्यांचं मशीन बावीस वर्षं या तेलावर चालत होतं. पर्यायरावांनी चार थेंब सोडले. त्या गेल्यावर तालमीचे वस्ताद आले. त्यांनी शिवणाच्या तेलाला नाक मुरडलं आणि अंगाला लावायचं एक घट्ट, झोंबणारं तेल आणून सांध्याला स्वतः अंगठ्याने चोळलं. "कुठलाही सांधा असू दे, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं," ते म्हणाले. कॅरम क्लबच्या सेक्रेटरींचं मत पडलं की तेलच मुळात चूक. कोरडा घसरा पाहिजे. त्यांनी बोरिक पावडर भुरभुरवली. झोंबऱ्या तेलात पावडर मिसळून त्याची पोटिसासारखी लगदी झाली. ती धुऊन काढायला वॉचमनने रॉकेल दिलं आणि ते मात्र सढळ हाताने ओतलं.

सल्ला नाकारणं पर्यायरावांच्या रक्तात नव्हतं. समितीत बसलेला माणूस सगळ्यांच्या सूचना नोंदवून घेतो. फरक इतकाच की समितीत त्या सूचना इतिवृत्तात जातात आणि तिथेच राहतात. इथे त्या सांध्यात गेल्या आणि तिथेच राहिल्या. पाचव्या दिवशी पेडल दाबलं की खाली तर जात होतंच, पण आता वर यायला बोटांनी ओढलं तरी कुरकुरत होतं. चेअरमनने वाळू हलवल्याबद्दल एक आणि बागेजवळ रॉकेलचा वास येत असल्याबद्दल दुसरी, अशा दोन सूचना फळ्यावर लावल्या. दोन्हींच्या खाली 'संबंधितांनी नोंद घ्यावी' असं होतं. संबंधित कोण हे सोसायटीत कुणाला विचारायला लागलं नाही.

पंधरा दिवस गेले तेव्हा पर्यायरावांनी ओळखलं की काम मुदतीत होणार नाही, आणि मुदत वाढवून मागायची तर अर्ज करायला हवा. अर्जाच्या बाबतीत मात्र त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. हा त्यांचा प्रांत. त्यांनी एका सकाळी बसून असा अर्ज लिहिला की लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा मोठ्याने वाचला. 'उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, दंडसंधी ताठरल्यामुळे हालचालीस प्रतिबंध होत असून, सबब तपासणीकामी एक महिन्याची मुदतवाढ मिळावी.' एकही परका शब्द नाही. गाडीचासुद्धा उल्लेख नव्हता, कारण तो वर विषयात 'वाहन' असा येऊन गेला होता, आणि द्विरुक्ती त्यांना खपत नसे.

वाहन कार्यालयात सात खिडक्या आहेत आणि समोर तीन बाकं. बाकांवर बसलेली माणसं खिडकीकडे न बघता पंख्याकडे बघतात, कारण तो फिरताना तरी दिसतो. पहिल्या खिडकीतल्या बाईंनी अर्जावरून बोट फिरवलं, एका शब्दाशी थांबल्या, बोट तसंच ठेवून विचारलं, "दंड भरायचाय का?"

"नाही. दंडसंधी."

"तेच. दंडाचं सगळं चार नंबरला."

चार नंबरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर चढवला. "इतकी वर्षं इथे बसतोय मी," ते म्हणाले, "पण दंडाची संधी मिळावी म्हणून अर्ज करणारे तुम्हीच पहिले. गुन्हा काय केलात?"

"गुन्हा काही नाही. पाय उचलला तरी दंड परत येत नाही."

"दंड परत येत नसतोच, साहेब. एकदा भरला की भरला."

पर्यायरावांनी शांतपणे समजावायचं ठरवलं. दंड म्हणजे इथे काठी, रूळ, लांबट घन वस्तू. संधी म्हणजे सांधा, जिथे दोन भाग जुळतात ती जागा. ती ताठरली आहे, वर-खाली होत नाही. समजावताना त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून उजवा हात वर-खाली करून दाखवला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "मग असं सांगा ना. हात दुखतोय. साठीच्या पुढचे ना तुम्ही? सात नंबर. वैद्यकीय." आणि अर्जावर तांबड्या पेनाने मोठा सात काढून त्यांनी तो परत सरकवला.

इथे वाचकांना वाटेल की पर्यायरावांनी आता तरी 'अहो, माझी रेस अडकते' असं सरळ म्हणावं. त्यांनाही तसं वाटलं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण ज्या माणसाने सात बैठका भांडून एक शब्द मिळवलाय, त्याने तो चार नंबरच्या खिडकीशी टाकून द्यायचा, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. ते सात नंबरकडे गेले.

सात नंबर ही खिडकी नसून खोली होती. एक टेबल, एक वजनकाटा, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. डॉक्टर म्हातारे आणि अतिशय सज्जन होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, जे आजवर कुणी केलं नव्हतं, आणि कौतुकाने मान हलवली. "दंडसंधी. वा. हल्ली कुणी वापरत नाही हो हा शब्द. सगळे आपले खांदा खांदा करतात."

"खांदा?"

"दंड जिथे धडाला जोडतो तो सांधा. हे काय, कोशातच आहे." त्यांनी मागच्या कपाटातून एक जाड निळा कोश काढला. शरीरशास्त्र परिभाषा कोश. पान उघडून बोट ठेवलं. पर्यायरावांनी वाकून पाहिलं. दंडसंधी, खांद्याचा सांधा. मग त्यांनी हळूच पहिलं पान उलटलं. संपादन साहाय्यकांत त्यांचं स्वतःचं नाव होतं.

त्यांना सगळं आठवलं. त्या वर्षी सोमवारी यंत्र समिती बसायची आणि गुरुवारी शरीर समिती. सोमवारच्या विजयानंतर गुरुवारी ते जरा सैल होते. कुणीतरी खांद्याला दंडसंधी सुचवला, त्यांना शब्द ओळखीचा आणि गोड वाटला, आणि त्यांनी मान डोलावून सही केली. एका आठवड्यात एकाच माणसाने एकच शब्द एकदा लोखंडाला आणि एकदा हाडाला दिला होता. वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वीस वर्षांत तो कुणी वापरलाच नव्हता.

"शर्ट काढा," डॉक्टर म्हणाले.

धक्का बसलेला माणूस सांगितलं ते करतो. डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात वर नेला, मागे नेला, गोल फिरवला. मग डावा. "उत्तम आहे हो. कुठे ताठरलाय? तरुणासारखा फिरतोय." आणि त्यांनी छापील कागदावर लिहून दिलं, 'दंडसंधी तपासला. सुस्थितीत आहे. हालचाल मुक्त.' खाली सही, तारीख, गोल शिक्का.

तो कागद घेऊन पर्यायराव शर्टाची बटणं लावत पहिल्या खिडकीशी परत आले, तेव्हा बाईंनी तो आतल्या मोठ्या टेबलावर पाठवला. तिथे हेडक्लार्क होते. ते काटेकोर होते. कुठलाही शब्द कोशात पाहिल्याशिवाय फाइलला लावत नसत, आणि वाहन कार्यालयात कोश असणार तो यंत्रशास्त्राचाच. त्यांनी तो काढला, पाहिला, आणि त्यांना त्या दिवसभरात पहिल्यांदा एखाद्या कागदाचा पूर्ण अर्थ लागल्याचं समाधान झालं. अॅक्सिलरेटरचा सांधा सुस्थितीत. हालचाल मुक्त. सही-शिक्क्यासह. तपासणी अधिकारी महिनाभर रजेवर होते, आणि एका खात्याच्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला सांधा दुसऱ्याने पुन्हा बघायचं काही कारण नव्हतं. त्यांनी गाडीच्या फाइलला कागद लावला आणि 'सांधा सुस्थितीत. हालचाल मुक्त.' असा शेरा मारून पाच वर्षांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ठोकून दिलं.

"अहो, पण तो सांधा..." पर्यायरावांनी सुरुवात केली.

हेडक्लार्कनी कोश त्यांच्यापुढे धरला. "हे चूक आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

पर्यायरावांनी कोशाकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्याची एकतीस वर्षं त्या जाड पुठ्ठ्यात होती. "नाही," ते म्हणाले, आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले.

येताना बसमध्ये त्यांची छाती आधी भीतीने आणि मग हळूहळू अभिमानाने भरली. कसंही असो, गाडी वाचली होती. भंगाराची नोटीस रद्द. पाच वर्षं. दादांना तरी दुसरं काय जमलं असतं? त्यांनी घरात शिरल्या शिरल्या कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो सावकाश वाचला. 'सांधा सुस्थितीत. हालचाल मुक्त.' कागद खाली ठेवला, पदर सारखा केला, चपला पायात घातल्या आणि कपाटातला तो जुना रेशमी रुमाल काढला, जो गाडीत बसताना केस उडू नयेत म्हणून त्या डोक्याला बांधत असत. "चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत म्हणजे झालंच असणार."

हे शेवटचं वाक्य नसतं तर कदाचित पर्यायराव निघालेही असते. किल्ली त्यांच्या हातात होती. एक फेरी, किल्ली बंद करून थांबवायची, उद्याचं उद्या बघू. पण तीस वर्षांत काकूंनी त्यांच्या हातच्या दुरुस्तीवर डोळे झाकून विश्वास टाकला तो हा पहिलाच, आणि तोही खांद्याच्या सर्टिफिकेटवर.

ते खुर्चीत बसले. "अगं," ते म्हणाले, "तो सांधा गाडीचा नाही. माझा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार नंबर, सात नंबर, शर्ट, सोमवार, गुरुवार. काकू आधी गंभीरपणे ऐकत होत्या. 'तरुणासारखा फिरतोय' इथे त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. हेडक्लार्कपाशी आल्यावर त्यांनी तो रेशमी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांना इतकं हसू आलं की त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. दादा गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. पर्यायरावांना आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, आणि मग तेही हसू लागले.

"आता तुम्ही एक करा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "कागद तर झालाय. आता तो खरा करा."

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात वावगं काही वाटलं नाही. आधी पूर्णत्वाचा दाखला आणि मग काम, हा क्रम त्यांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी वॉचमन आणि वस्तादांकडून ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथले मिस्त्री एका उखडलेल्या मागच्या सीटवर बसून नट-बोल्ट निवडत होते. पर्यायरावांनी वही उघडली आणि तोंडही उघडलं, पण एक क्षण थांबून वही मिटली.

"रेस अडकते," ते म्हणाले.

"मग असं म्हणा की," मिस्त्री म्हणाले, जरी पर्यायराव तसंच म्हणाले होते. ते उठले, बॉनेटमध्ये वाकले आणि नाक आक्रसलं. "कोणी कोणी हात लावलाय याला?"

त्यांनी सांधा उघडून चिंधीने पुसायला घेतला. एकेक थर निघू लागला तसा त्यांनी वास घेऊन सांगायला सुरुवात केली. हे रॉकेल. ही कसली तरी पावडर. हे मालिशचं तेल. हे शिवणमशीनचं, हे एक बरं होतं, पण एकट्याने काय करणार. सगळी सोसायटी चिंधीवर उतरेपर्यंत अर्धा तास गेला. मग मूळ दुखणं दिसलं. गोळी ज्या वाटीत फिरते ती वाटी एका बाजूने झिजली होती, आणि काडीला फार जुना बाक आला होता, त्यामुळे ती पत्र्याच्या भोकाला घासत होती. भोकातला रबर रॉकेल पिऊन फुगला होता, ती मात्र नवी भर. मिस्त्रींनी रबर फेकला, काडी लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ केली आणि डबा उपडा करून दुसऱ्याच कुठल्या गाडीची एक वाटी शोधून काढली. ती बसली.

राहिली एक बारीक तारेची क्लिप. ती दोन कार्ब्युरेटरांच्या मागे, हात जेमतेम शिरेल अशा खाचेत बसवायची होती. मिस्त्रींची बोटं पान्यासारखीच जाड. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा क्लिप खाली ट्रेमध्ये पडली. मग त्यांनी पर्यायरावांच्या हातांकडे पाहिलं. एकतीस वर्षं फक्त कागद उलटलेली, लांब, पांढरी, बारीक बोटं.

"तुम्ही घाला बघू हात."

पर्यायरावांनी बाही वर केली आणि हात घातला. दिसत काहीच नव्हतं. कोशात नसलेला शब्द शोधताना जसं कार्डांच्या खोक्यात बोटांनी चाचपत पुढे जायचं, तसं ते गेले. गोळी लागली, वाटी लागली, खाच लागली. क्लिप चिमटीत धरून त्यांनी ढकलली. एकदा घसरली. दुसऱ्यांदा आतून 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला.

"बसली," मिस्त्री म्हणाले. "आता दाबा पेडल."

दाबलं. सोडलं. पेडल वर आलं. पर्यायरावांनी ते सतरा वेळा दाबून पाहिलं. अठराव्यांदा मिस्त्रींनी सांगितलं की आता पुरे, नाहीतर आजच झिजेल.

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी सकाळी काकू डोक्याला रुमाल बांधून खाली आल्या. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. बागेभोवतीच्या सगळ्या कुंड्या आधीच आत घेतलेल्या दिसत होत्या. पर्यायराव स्टिअरिंगपाशी बसून वाट पाहत होते. काकूंनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सरका."

"तू?"

"मला दादानेच शिकवलंय याच गाडीवर. सरका."

ते सरकले, म्हणजे मधल्या गिअरवरून पाय एकेक करून पलीकडे नेले, ज्याला बराच वेळ लागला आणि जे सगळ्या गॅलऱ्यांनी पाहिलं. काकूंनी गाडी फाटकाबाहेर काढली, गल्ली ओलांडली, आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर रेस दिली. गाडी जी उडाली ती पाहून पर्यायरावांनी दाराची कड धरली. काकू पुढे बघत होत्या. रुमालाचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं, आणि त्यांचा चेहरा पर्यायरावांनी लग्नाआधीच्या एका फोटोत पाहिला होता तसा दिसत होता.

उतार आला. काकूंनी पाय उचलला. इंजिनाचा आवाज खाली आला, गाडीचा वेग हळूहळू उतरत गेला आणि ती एखाद्या शहाण्या माणसासारखी सावकाश चालू लागली. काकूंनी एकदा पेडलकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"दादा असताना ही अशी कधी थांबली नाही हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाही अडकायचीच. तो बुटाच्या टोकाने पेडल खालून वर उचलायचा, आणि मला सांगायचा, स्पोर्ट्स गाड्या अशाच असतात म्हणून. वीस वर्षं त्याला काही जमलं नाही ते."

पर्यायरावांनी ऐकलं. नीट ऐकू आलं होतं, तरी वाऱ्यामुळे ऐकू न आल्यासारखं त्यांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. दादाला जमलं नव्हतं म्हटलं."

पर्यायराव सीटवर सरळ झाले. पुढे लांबवर रस्ता रिकामा होता. "पुढे अजून एक उतार आहे," ते म्हणाले. "तिथेही उचल पाय." काकूंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, रेस दिली, आणि उतारावर पुन्हा पाय उचलला.